डॅशबोर्डवरचं अनोळखी डिव्हाइस

मागच्या रविवारी जवळा बाजारला, आमच्या घरी, मी एकदाचा डॅशबोर्ड बसवला. ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते... पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करून तो टीव्हीखाली ठेवलाय. घरचे फोटो, लाईट बिलं, आईचे रिपोर्ट सगळं त्यात राहतं, आणि डॅशबोर्ड म्हणजे ते सगळं एकाच पानावर दाखवणारी वेबसाइट, फक्त आपल्या घरापुरती.

अर्धा दिवस ते पान काही उघडेना. दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टवर हटून बसले होते, एसटीत एकाच सीटवर दोघांनी रुमाल टाकावा तसे. एकाला उठवून दुसरीकडे बसवलं तेव्हा कुठे पान झळकलं, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आईला बोलावून दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, की हे बघून करायचं काय. प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मी ऐकू न आल्यासारखं केलं...

बाबांना जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून मी पुण्याची नोकरी इथूनच करते, घरात आम्ही दोघीच. त्यामुळे घरावर नजर ठेवायची मला जरा जास्तच हौस आहे.

तर त्या पानावर एक चौकोन आहे, वायफायवर कोण कोण आहे ते दाखवणारा. माझा फोन, लॅपटॉप, आईचा फोन, टीव्ही... आणि सोमवारी सकाळी चहाच्या वेळेला आणखी एक. नाव नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. थोडा वेळ दिसलं आणि गेलं. मंगळवारी पुन्हा तेच, त्याच सुमाराला.

माझा संशय सरळ शेजारच्या पोरांवर. कुणीतरी पासवर्ड लांबवलाय! विचारपूस नाही, शहानिशा नाही... ‘ब्लॉक’ दाबलं आणि मोकळी झाले. फार हुशारी केल्यासारखं वाटलं तेव्हा.

बुधवारी सकाळी आईनं विचारलं, नेट गेलंय का. मी तिचा फोन पाहिला तर बरोबर चालत होता. राहू दे मग, म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिचा चहा कपातच थंड झाला.

गुरुवारी भाजी अळणी. बीपी वाढलं असेल म्हणून मी गोळीचं विचारत राहिले. ती घेतली म्हणायची आणि खिडकीत जाऊन बसायची. बाबा गेल्यावर पहिल्या महिन्यात ती अशीच बसायची... मला भीती वाटायला लागली.

शुक्रवारी सकाळी हट्टा गावचे काका दारात. हे बाबांचे वसतिगृहातले मित्र. येणार म्हणून कळवलं नव्हतं, स्कूटीवर उन्हातून तसेच आले होते. पाणी घ्यायच्या आधी त्यांनी आईकडे नीट निरखून पाहिलं.

“दोन दिवस झाले वहिनी, तुमचा जय भीम आला न्हाई. जीव राहिना, म्हून आलो.”

मला काही कळेना. आईनं मान खाली घातली. मग उठून कपाटातून, साड्यांच्या खालून, बाबांचा फोन काढून आणला. तो बंद पडलाय असं मी धरून चालले होते.

या मित्रांचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी प्रत्येकानं ‘जय भीम’ टाकायचं, वसतिगृहात रेक्टर घ्यायचे तशी हजेरी. बाबा गेल्यावर काही दिवसांनी आईनं फोन उघडला, तर सगळ्यांची हजेरी लागलेली, बाबांचीच नव्हती. तिला ते बघवलं नाही. तिनंच त्यांच्या फोनवरून ‘जय भीम’ लिहिलं... आणि मग रोजच. सिम कधीच बंद झालं होतं, पण रोज चहाच्या वेळेला ती फोन तेवढ्यापुरता चालू करायची आणि घरच्या वायफायवर ग्रुप चालायचा.

मला कळलं तर मी बंद करायला लावीन, ही तिला धास्ती. खरं सांगते, लावलंच असतं.

“ते तिथं दिसले न्हाईत तर खरंच गेल्यावानी होईल, असं वाटायचं,” आई म्हणाली.

फोन मीच ब्लॉक केला, हे काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, काहून गं, एवढंच म्हणाले. मी ब्लॉक काढला. आईच्या हातातला फोन थरथरायला लागला, मेसेजवर मेसेज... वहिनी बऱ्या हायेत का, कुणीतरी जाऊन बघा, मी गोरेगावहून निघू का.

आई वाचत राहिली. मग तिनं काकांना विचारलं, “तुमाला ठाव होतं?”

“त्याला खांदा आमीच दिला ना वहिनी,” काका म्हणाले. “पयल्या दिसापासून ठाव होतं.”

आई खूप रडली. मीही. काका पंख्याकडे बघत बसले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं... ‘जय भीम. मी सुमन. मी बरी आहे.’ काका समोरच्याच खुर्चीत होते, तरी त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि ग्रुपवरच उत्तर दिलं, ‘जय भीम, सुमनताई.’ लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिला वहिनीच म्हणत आले होते.

मग त्यांनी आईचा स्वतःचा नंबर ग्रुपमध्ये घ्यायला लावला. बाबांचा नंबर काढायची गोष्ट कुणीच काढली नाही.

त्या ग्रुपमधले काही जण ही पोस्ट वाचतील, म्हणून लिहिते. काका, तुम्हा सगळ्यांना वर्षभर ठाऊक होतं आणि एकानंही तिला विचारलं नाही... रोज सकाळी उत्तर मात्र देत राहिलात. घरावर नजर ठेवायला मी एवढा सर्व्हर बसवला, आणि आईकडे लक्ष होतं ते तुमचं.