रंगमंचाकडे पाठ करणाऱ्या इंदूताई

इंदूताई कार्यक्रम कधीच बघत नसत. पडदा वर गेला की त्या विंगेतून सभागृहात उघडणाऱ्या दाराशी, रंगमंचाकडे पाठ करून उभ्या राहत आणि प्रेक्षकांचे चेहरे न्याहाळत. कोण जांभया देतंय, आवाज नीट येत नाही म्हणून कोण पुढे झुकलंय, हे त्यांना अंधारातही कळे. कुणी विचारलं तर म्हणत, "खेळ दखाले लोके शेतस. मी लोके दखस."

नंदुरबारच्या एका संस्थेच्या नाट्यगृहाच्या त्या व्यवस्थापक होत्या. नाट्यगृह चालवायचं काम शिकण्यासाठी कॉलेजच्या मुलींना तिथे घ्यावं, आणि त्याही ज्यांच्या घरातलं कुणी नाट्यगृहाची पायरी चढलेलं नाही अशा, हा हट्ट त्यांचाच. मी शहाद्याला बी.ए. करत होते. गाव धडगावच्या वरच्या अंगाला. घरी आमची पावरी बोली, त्यामुळे मराठी आणि इंदूताईंची अहिराणी दोन्ही मला परक्याच. माझ्यासोबत नवापूरकडची रोशनी होती. चर्चमध्ये गाऊन तिला माइकची सवय होती. मला कसलीच नव्हती.

पहिल्या दिवशी मी पिशवीत नाचाचा पोशाख घेऊन गेले. आमच्या आदिवासी मुलींना कार्यक्रमाला बोलावतात ते नाचायलाच, असं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं आणि मलाही ते खरं वाटलं होतं. ताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"ह्या कापडा कसाले आनात वं माय? आठे नाचनारा बहू येतस. त्यासले मंचवर येळवर आननारं कोनी नही. ते शिक."

मग त्यांनी मला खुर्च्यांपासून शिकवायला सुरुवात केली. मोडकी खुर्ची कोणती, म्हाताऱ्यांना कुठे बसवायचं, तिसरी घंटा कधी द्यायची. शाबासकी त्या देत नसत. काम चुकलं तर पुन्हा करायला लावत, बरोबर झालं तर पुढचं सांगत.

एकदा पुण्याच्या एका गायकांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. माझं अडखळतं मराठी ऐकून ते म्हणाले, "जरा कुणा मोठ्या माणसाला द्या." मी फोन ताईंकडे दिला. त्या शांतपणे म्हणाल्या, "या कार्यक्रमाचं सगळं तीच बघते. तुम्हाला तिच्याशीच बोलावं लागेल." आणि फोन परत माझ्या हातात. गायक पुढे बरंच सावकाश बोलले.

वार्षिक महोत्सवाला त्यांनी उद्घाटनाचा कार्यक्रम पूर्णपणे माझ्यावर सोपवला. पाहुणे आले, सभागृह भरलं, आणि सुरुवातीलाच नाचणारं डोंगरातलं पथक घाटात गाडी बंद पडून अडकलं. संस्थेचे अध्यक्ष विंगेत आले. रोशनीकडे आणि माझ्याकडे बोट दाखवून ते ताईंना म्हणाले, "या मुली आहेत की! पोशाख मागवा. थोडा वेळ नाचायला काय जातं?"

"त्या कामावर आहेत," ताई म्हणाल्या.

"मी सांगतोय ना."

"कार्यक्रम हिच्या हातात आहे. हिला विचारते." आणि सगळ्यांसमोर ताई माझ्याकडे वळल्या. "तुन्ही मरजी शे का?"

मला नाच आवडतो. गावच्या होळीत मी रात्रभर नाचते. पण त्या क्षणी मी विंग सोडली असती तर पडदा, दिवे, घंटा कुणी बघायचं, हे पहिलं मनात आलं.

"नाही, ताई. दुसरी गाडी मिळाल्याचा फोन आलाय, पथक निघालंय. आधी सत्कार घेऊ, मग भाषणं. तोवर ते पोचतील."

"व्हऊ दे," एवढंच त्या म्हणाल्या. मी घंटा दिली. भाषणं संपत असताना पथक आलं, धापा टाकतच मंचावर चढलं आणि उत्तम नाचलं. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष तोवर उठून गेले होते.

काही आठवड्यांत ताईंना कळवलं गेलं की यापुढे त्यांची गरज नाही. शिकाऊ मुली घेणंही बंद झालं. ताई आपल्या लेकीकडे सुरतेला निघाल्या तेव्हा रोशनी आणि मी स्टँडवर गेलो. मी विचारलं, "माझ्यामुळे झालं का, ताई?"

"तुन्हामुळे नही वं. मी तुले इचारं, तेच त्यासले लागनं." मग त्यांनी सामान वर चढवायला सांगितलं आणि खिडकीची जागा पकडली.

गेल्या वर्षी त्या सुरतेलाच वारल्या. मला त्यांचं शेवटचं बोलणं आठवतं ते त्याआधीचं, फोनवरचं. धुळ्याच्या एका सभागृहात मला व्यवस्थापकाची नोकरी लागली होती आणि त्या दिवशी माझा तिथला पहिलाच कार्यक्रम होता. बाहेर लोक जमले होते. मी त्यांना फोन लावला आणि आभार मानायला लागले. मध्येच तोडून त्यांनी विचारलं, "लोके उनात का?"

"आलेत, ताई. बाहेर उभे आहेत."

"मंग मन्हासंगे काय बोली ऱ्हायनी? दारं उघड."

आणि फोन त्यांनीच ठेवला.