करंगळीशेजारचं बोट

"बोट माझं आहे का तुझं?" शिंपीमास्तरांनी विचारलं.

"बोट तुमचं. पण शर्टाची बटणं रोज मला लावावी लागतात," बायको म्हणाली.

आठवड्यापूर्वी फळीवरून घसरणारा कापडाचा तागा झेलायला मास्तरांनी हात घातला आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधल्या सांध्यात बाजूला वाकलं. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट थोडं फाटलंय, ऑपरेशनची गरज नाही. चार दिवस पट्टीत सरळ ठेवा, मग शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून हळूहळू वाकवायला लागा. महिनाभर कात्री बंद.

चार दिवस झाले तरी बायको पट्टी सोडू देईना. तिच्या बहिणीनं सहा आठवडे ठेवली होती, जरासुद्धा दुखलं नव्हतं. त्यावर मुलीनं आठवण करून दिली, की मावशीचं ते बोट अजून वाकत नाही, कप धरला की पाहुण्यासारखं अवघडून बाजूला उभं राहतं. ते ऐकून मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं. बोट असं ताठलं तर चाळीस वर्षांची कात्री हातात बसणार कशी?

त्यांनी पट्टी काढली. पण दवाखान्याची चिकटपट्टी शिंप्यानं कशाला लावायची? मास्तरांनी दोन्ही बोटांचं मिळून माप घेतलं आणि अस्तराच्या कापडाची चापूनचोपून बसणारी पिशवी शिवली. एक सुरकुती नाही. इतकं पक्कं बांधल्यावर कात्री चालवायला हरकत नसावी, असं स्वतःच ठरवून त्यांनी दोन पँटी कापल्या.

दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत बोटं वांग्यासारखी झाली. पिशवी निघेना. बायकोनं उसवणी घेतली आणि कातडीला टोक न लागू देता एकेक टाका उसवला.

"गिऱ्हाइकाला बसून, उठून दाखवायला लावता," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या बोटाला सूतभर सैल ठेवलं नाहीत."

मास्तरांना हसू आलं. ते तिच्या हाताकडे बघत राहिले. काजं-बटणं ती वर्षानुवर्षं करायची, कात्रीला मात्र त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता.

सूज उतरल्यावर मुलीनं सांधा मोकळा ठेवून दोन्ही बोटांना वर-खाली सैलसर चिकटपट्टी गुंडाळली. मास्तरांनी बोट वाकवून पाहिलं. थोडं वाकलं. दुखलं, पण वाकलं.

रात्री ताटावर बसताना ते बायकोकडे बघून मुलीला म्हणाले, "उद्यापासून महिनाभर कापड ही कापेल. मी नुसतं खडूनं आखून देणार."