टेंब्यांच्या गौरी

लग्नाआधी प्रमोदिनी टेंबे मूर्तिकला शिकल्या होत्या. बासष्ट साली नवऱ्याच्या नोकरीपायी बिऱ्हाड पुण्याहून बंगलोरला आलं. थोरली आणि धाकटी, दोन्ही गौरींचे मुखवटे शाबूत पोचले. पत्र्याची धडं मात्र यशवंतपूरच्या मालधक्क्यावर पार चेपली.

"नवी मी करते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"कुणाचं अंग बघून?" सासूबाईंनी विचारलं.

"माझंच."

न्हाणीघराचं दार लावून त्यांनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये भिजवल्या आणि स्वतःच्या अंगावर थापल्या. त्या साच्यातून धड निघालं, ते तीन बाळंतपणांनी सुटलेल्या पोटाचं, ओघळलेल्या छातीचं.

नवरा चपापला. "अगं, साडी नेसवली तरी दिसेल हे! थोडं तासून घे. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या आया काय तासलेल्या असतात?"

आता सासूबाई काय म्हणतात, याची प्रमोदिनीबाई वाट बघत राहिल्या. तासणार मात्र नव्हत्याच.

सासूबाईंनी त्या पांढऱ्या पोटावरून सावकाश हात फिरवला.

"ही धाकटी झाली," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून न्हाणीघराकडे निघाल्या. "चल, प्लास्टर कालव. थोरली माझ्या अंगावरून घे."