कानामागचा लेप

पन्नास-बावन्न सालची गोष्ट. अंधेरीला आमच्या चाळीत उटणं नि लेप विकायला एक मालवणी बाई यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही; मला तिचा रागच यायचा. मागितलेला लेप ती कधी देत नसे, ऋतू बघून देई. एकदा चैत्रात मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी लिंबाच्या सालीचा लेप मागितला. तिने पुडी परत टोपलीत टाकली.

"आता नको गो बाय. उन्हात तोंड भाजतला. थंडी येऊदे."

नुसतं चंदन हातावर ठेवलं आणि उन्हात डोक्यावर पदर घेऊन चालायची तंबी दिली.

थंडीत मात्र ती आधी आमच्या कानामागे बोटभर लेप लावायची. दुसऱ्या दिवशी कातडी लाल झाली नाही, तरच चेहऱ्याला. तिचा स्वतःचा चेहरा उन्हाने पार रापलेला. एकदा मी विचारलं, "तुम्ही नाही लावत?"

"माझो घो बोटीवर खलाशी आसा. तो येतलो, त्या थंडीत लावतलंय."

तीन हिवाळे गेले. माघात ती टोपली उतरवायला वाकली, तेव्हा तिच्या कानामागे मला वाळलेला लेप दिसला. मी हरखून विचारलं, "यजमान आले?"

तिने पदर कानावर ओढून घेतला.

"नाय गो. पण थंडी चल्ली ना."