वसतिगृहातली धुरी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण हे कागद मी गव्हाच्या कोठीमागे ठेवणार आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली. सुनेने टाकून दिलेले, एका बाजूने छापलेले कागद घरात पडून आहेत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते.

सून विद्यापीठात तुरीच्या मर रोगावर संशोधन करत होती. उभं झाड मुळापासून कसं वाळत जातं, ते तिला शोधायचं होतं. प्रयोग झाले होते, लिहायचं तेवढं राहिलं होतं, आणि मध्येच नात झाली. प्रबंध द्यायची मुदत वाढवून मिळाली होती, ती शेवटची. ती चुकली असती तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. नात अंगावर पिणारी, मुलगा दूर कंपनीत. म्हणून लेकरू सांभाळायला मी सुनेसोबत निघाले. एसटीने मेहकर सोडल्यावर तिने मला खरं सांगितलं.

"आत्याबाई, वसतिगृहात सासूले चिठ्ठीवर राहू देतात. लेकराले नाही. दिसलं तं खोली जाईन."

"मंग कसं व माय?"

"दिसू द्याचं नाही."

मी तिथेच नातीवर शाल ओढून घेतली.

फाटकावर पहाऱ्याची बाई होती. नात शालीत गुंडाळून मी छातीशी धरली होती. ती बाई म्हणाली, "मावशी, गठुडं जड दिसते, आणा इकडे." मी गठुडं आणखी घट्ट धरलं. सून पटकन म्हणाली, "पापड हायेत, मोडतीन." आम्ही जिना चढलो. पापड गाढ झोपले होते.

आमच्या मजल्यावरच्या पोरींना दुसऱ्याच दिवशी कळलं, पण कोणी चुगली केली नाही. तिथे एकेकीचं एकेक काम होतं. एक पोरगी घुबडाने ओकलेल्या गोळ्यांतून उंदराची हाडं वेचायची आणि काळ्या कागदावर मांडून ठेवायची. शेजारची पोवाड्यांवर लिहीत होती. नात रडायला लागली की ती मुद्दाम आवाज चढवून पोवाडा म्हणायची. खालून कोणी ओरडलं, "किती रडते बे तुझा पोवाडा!" की सगळ्या हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही. दिवसा मी नातीला शालीत घेऊन मागच्या दाराने निघायची आणि ग्रंथालयामागच्या कडुनिंबाखाली बसायची. जाड चष्म्याचे लोक पुस्तकं घेऊन जायचे. कोणी माझ्याकडे पाहिलं की मी पदर ओढून लेकराला झाकायची. वाटायचं, आता हा जाऊन सांगणार.

मग नातीला सर्दी झाली. नाक बंद, दूध ओढता येईना, रडणं थांबेना. सून तिच्या विभागात होती. पोवाड्याची पोरगी गावाला गेलेली. आमच्याकडे लेकराला सर्दी झाली की धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकायची आणि लेकराला त्या धुरावरून दुरून फिरवायचं. लेकरू शांत झोपतं. गवरीचे तुकडे, ओवा आणि मातीची परळ मी घरूनच आणली होती. धूर बाहेर जाऊन कोणाला कळू नये म्हणून मी खिडक्या नीट लावून घेतल्या आणि गवरी पेटवली.

नात खरंच शांत झाली. पण धूर दाराखालून निघून सगळ्या व्हरांड्यात भरला. कोणीतरी ओरडलं, "आग! आग!" पोरी धावत खाली गेल्या, घंटा वाजली. पहाऱ्याची बाई दार ठोकू लागली तेव्हा मी नातीला घेऊन कोपऱ्यात बसले होते. कडी काढायला हात उठेना.

शेवटी काढली. पहाऱ्याच्या बाईमागे वसतिगृहाच्या मुख्य मॅडम होत्या.

"हे काय आहे?"

"धुरी," मी म्हणाले.

"आणि हे?"

"नात."

पहाऱ्याची बाई हळूच म्हणाली, "हेच ते पापड."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी आधी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. म्हणाल्या, "आजी, इथे शेकडो मुली राहतात. आग लागली असती तर त्यांच्या आईबापांना मी काय सांगितलं असतं? उद्या सकाळी खोली रिकामी करा."

सून आली. ती मला रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने पिशवी काढली आणि लिहिलेले कागद सगळ्यात खाली घातले, वरून कपडे.

"चला आत्याबाई. घरी जाऊ."

"बाहेर खोली नाही भेटत का?"

"भेटते. आगाऊ भाडं मागतात. शिष्यवृत्ती कित्येक महिने अडकली हाय. कुठून देऊ?"

माझ्यामुळे तिचं लिहिणं राहणार होतं. मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन गावातल्या बचत गटाच्या अध्यक्षीणबाईला फोन लावला. गटाच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. कर्ज तर कधीच मागितलं नव्हतं.

"कर्ज पाहिजे," मी म्हणाले.

"काऊन? कोणाले काही झालं का?"

"सुनेच्या लिहिण्यासाठी."

फोनमध्ये तिच्या मागून गटातली कोणीतरी बाई म्हणाली, "लिहाले सोन्याचा पेन लागते का व?" हसणं ऐकू आलं. मला फोन ठेवून द्यावासा वाटला. पण ठेवला नाही. अध्यक्षीणबाई म्हणाली, "हप्ता चुकला तं साऱ्या गटाले ऐकून घ्या लागते. इचार करून सांग."

"केला इचार," मी म्हणाले. खरं तर केला नव्हता.

पैसे सुनेच्या फोनवर आले. फाटकाबाहेर टिनाची खोली मिळाली. नात साडीच्या झोळीत झोपायची, सून लिहायची. मी झोळी हलवत हप्त्याची तारीख आठवत राहायची. घरी माझ्या मालकाला यातलं काही सांगितलं नव्हतं. हप्त्यासाठी सुनेने तिची नवी साडी मैत्रिणीला विकली, मी शेजारच्या बाईच्या पोळ्या लाटल्या. एकही हप्ता चुकला नाही, पण प्रत्येक वेळी वाटायचं, हा चुकणार.

मुदतीच्या आत प्रबंध गेला. सून पोच घेऊन आली आणि दारातच खाली बसून रडली. शिष्यवृत्ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आम्ही गावी परतल्यावर जमा झाली. तिने कर्जाची उरलेली सगळी रक्कम काढून माझ्या हातात दिली. त्या आठवड्याच्या बैठकीत मी उठून उभी राहिले आणि सगळ्या बायांसमोर ती अध्यक्षीणबाईच्या पुढ्यात ठेवली. तिने दोनदा मोजली.

"पुरे हायेत," ती म्हणाली. "काही बाकी नाही."