साठेबाज

मित्रांनो, आज डोकं लई गरम हाय.

मी नांदेडला इंजिनिअरिंग मॅनेजमेंट शिकून राहिले. आज आमच्या टीमची केस स्टडी होती, उदगीरचा पाणीपुरवठा. टीममध्ये उदगीरची मी एकटीच, तरी मला काम दिलं स्लाइड पुढं सरकवायचं. का, तर मी बोलताना 'लई' म्हणते.

आमची टीम लीडर नांदेडचीच, रोज नळाच्या पाण्यानं स्कूटी धुते. तिनं टंचाईचं मुख्य कारण सांगितलं, "नागरिकांची साठेबाजी."

मला राहवलं न्हाई. "सर, ह्या दुष्काळात नळ पंधरा दिवसांतून एकदा येतो. लोकं भरून ठेवणार न्हाईत तर काय करतील?"

सर म्हणाले, "भावनिक होऊ नका. मॅनेजरसारखा विचार करा."

आणि लीडरनं सांगितलेला उपाय काय, तर उदगीर लातूरपासून वेगळा नवा जिल्हा झाला की नियोजन सुधारेल! टाळ्या पडल्या.

वर्गाबाहेर आले तर आईचा फोन. आवाज असा, जणू दिवाळीच. "नळ आला बाई! घागरी, कुकर, तुझी शाळेतली वॉटरबॅग बी भरून ठेवली."

मॅनेजर लोकहो, हिला अटक कधी करता?