धाब्यावरचे मांडे

लग्नानंतरची ती माझी पहिली आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी जायची अक्षय्य तृतीया. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. भाऊ बैलगाडी घेऊन पारोळ्याजवळच्या माझ्या सासरी मला न्यायला आला होता. सासूबाई म्हणाल्या, मांडे झाले की जा. माहेर पाच कोसांवर. दिवस मावळायच्या आत निघाले तरच जाता येणार होते.

मांडे करायचे म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मातीचे खापर चांगले तापले पाहिजे. कमी तापलेल्या खापरावर मांडा टाकला की तो चिकटतो, फाटतो आणि पुरण बाहेर येते. आमची चूल धुरकट होती. सासरे भुसावळला इंजिनावर कोळसा टाकायच्या नोकरीतून नुकतेच सुटून आले होते. आच कशी वाढवायची ते मला ठाऊक आहे, असे म्हणून त्यांनी आठ दिवस खपून नवी चूल घातली. रॉकेलच्या डब्यांचे बूड कापून, एकात एक बसवून, मातीने लिंपून धाब्याच्या, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छताच्या, वर जाणारे धुराडे केले.

आखाजीच्या सकाळी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. चूल इंजिनासारखी घुमू लागली. धूर नावाला नाही. सासरे खुशीत. पण खापर कोमटच. मी वाकून पाहिले, तर जाळ खापराला न शिवता मागे वळून सरळ धुराड्यात शिरत होता. माझ्या माहेरी गुऱ्हाळाच्या धुराड्यात वडील वीट सरकवून जाळ आवरत, ते मला आठवले.

पण सांगणार कसे? आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नसे. सासूबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, जन्म इंजिनावर काढलेल्या माणसाला तू शिकवणार का? मग मी दाराशी बांधलेल्या गाईला सांगितले, सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. त्यांना वाटले, मी गाईशीच बोलते आहे.

तेवढ्यात धुराड्यावर एक कावळा बसला आणि पाय भाजून ओरडत उडाला. सासऱ्यांना आच सापडली. ते म्हणाले, वर आहे तर खापर वर न्या.

सासूबाईंचे गुडघे दुखत, म्हणून शिडीवरून मी चढले. धुराड्याभोवती विटा मांडून त्यांवर खापर पालथे घातले. ते खरोखर तापले. डोक्यावर वैशाखाचे ऊन, हातभर पदर पुढे ओढलेला, आणि मी धाब्यावर दोन्ही हातांवर मांडा फिरवते आहे. पारावरच्या लोकांनी भावाला विचारले, तुमची बहीण कोणावर रुसून वर बसली आहे का?

पहिला मांडा खापरावर टाकला, तोच वारा सुटला. मांडा उडाला आणि खाली भावाच्या बैलाच्या पाठीवर पसरला. दुसऱ्या बैलाने तो चाटून पुसून खाल्ला. दुसरा मांडा शेजाऱ्यांच्या धाब्यावर गेला. सासरे खालून विचारत होते, आच बरी आहे ना? भावाने एकदा जुंपलेले बैल पुन्हा सोडले. ऊन कलले होते.

मला रडू आले. मी पदराआडून खाली बघत म्हणाले, “आबा, धुराडामा अर्धी ईट घाला. बठ्ठी आच वर जाई राह्यनी.”

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मग सासरे म्हणाले, “हाई आधी काबर नही सांगं?”

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “ती कशी सांगी? तुम्ही सासरा शेतस.”

सासऱ्यांनी धुराड्यात वीट घातली. खापर खाली आणले, पुन्हा चुलीवर ठेवले. थोड्या वेळात ते असे तापले की मांडा टाकताच फुगे. उरलेले सगळे मांडे मी झपाट्याने उरकले. सासूबाई मात्र घुश्शात होत्या. सासऱ्यांशी बोललेल्या सुनेला लोक काय म्हणतील? त्यांनी भावाला बजावले की दोन दिवसांऐवजी हिला आठ दिवस तिकडेच ठेव, गाव ही गोष्ट विसरू दे.

ही शिक्षा ऐकली आणि त्यांचे मन पालटायच्या आत भावाने बैल जुंपले.